पडद्यामागून : कोणाच्या हातात काय?

टीव्हीवरच्या बायका आणि टीव्हीवरचे पुरुष तुमच्या घरातल्या माणसांसारखे वाटतात का, असं मी मागच्या अंकात विचारलं होतं. उत्तरांऐवजी प्रश्नच जास्त आले, आणि ते बरंच झालं. बावीस वर्षं मी मराठी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिले. ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूचे शूटिंगचे बंगले असोत की गोरेगावची चित्रनगरी, सेटच्या एका कोपऱ्यात बसून तासाभरात लागणारा सीन लिहून दिला आहे. आता ते काम थांबवलंय. तेव्हा पुढचं सगळं प्रेक्षक म्हणून नाही, करणाऱ्यांपैकी एक म्हणून सांगते आहे.

माझी नात सात वर्षांची आहे. संध्याकाळी मी मालिका बघते तेव्हा ती शेजारी असते. परवा बाहुल्यांशी खेळताना ओढणीचा पदर करून, एक भुवई वर चढवून ती म्हणाली, ‘या घरात माझ्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही.’ सून म्हणते, टीव्ही बंद करा. दिवसभर मी एकटी असते, टीव्हीचीच काय ती सोबत. काय करू? – एक आजी, कराड

आजी, टीव्ही बंद करू नका. पण सूनबाईंची काळजी खरी आहे, तीही उडवून लावू नका.

नातीचं वाक्य वाचलं आणि मी थोडा वेळ तशीच बसले. अगदी तेच नसेल, पण तसली वाक्यं मी खूप लिहिली आहेत. जाहिरातींच्या आधीचा शेवटचा संवाद असा लागतो, की ऐकणाऱ्याचा हात रिमोटकडे जायला नको. आम्ही त्याला ‘हुक’ म्हणतो. हुक सगळ्यात झटपट मिळतो तो धमकीतून. आणि मालिकेतली सगळी माणसं दिवाणखान्यातच उभी असल्यामुळे धमकीही घरातच द्यावी लागते. देणारी बाई आणि ऐकणारीही बाई. घरातल्या बाईचा शब्द चालतोय असा तो एकच क्षण तुमच्या नातीला रोज दिसतो, म्हणून तिने तो उचलला. तिला जोर आवडला, त्यात काही वाईट नाही. जोराचा दुसरा नमुना आम्ही तिच्यासमोर ठेवला नाही, ही आमची चूक.

एक करून बघा. मालिका चालू असताना दहा मिनिटं आवाज बंद करा आणि नातीला विचारा, ‘कुणाच्या हातात काय आहे गं?’ मुलांना हा खेळ लगेच जमतो. ती सांगेल : हिच्या हातात चहाचा ट्रे, हिच्या हातात निरांजन, हिच्याकडे कपड्यांचा ढीग. काकांच्या हातात फोन. दादाच्या हातात काहीच नाही. मग विचारा, ‘चहा कुणी केला? आपण बघितलं का?’

कारण तो चहा कुणीच करत नाही. सीनच्या डोक्यावर आम्ही स्थळ लिहितो, वेळ लिहितो, पात्रं लिहितो आणि सीन उघडतो तेव्हा पात्र काय करत असतं तेही लिहितो. बाईसाठी मी बावीस वर्षं आलटून-पालटून तेच लिहिलं : घड्या घालते आहे, भाजी निवडते आहे, देवापुढे दिवा लावते आहे. पुरुषासाठी : येतो, निघतो, फोनवर बोलतो.

एक प्रसंग मात्र डोक्यातून जात नाही. सीन सासू-सुनेचा होता आणि सुनेचं काम करणारी मुलगी चादरीची घडी घालत होती. घरी खरंच घड्या घालणारी असणार, कारण तिने चादरीची टोकं हनुवटीखाली धरली, झटका देऊन सुरकुती काढली आणि चार हालचालींत घडी पुरी केली. दिग्दर्शक म्हणाले, ‘एवढ्या लवकर संपवू नका, संवाद बाकी आहेत.’ मग ती घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची. टेकवर टेक झाले, त्या सगळ्या वेळात चादरीची घडी एकदाही पुरी झाली नाही. बाईचं काम पडद्यावर असं दिसतं. हात हलत असतात, पण काहीच तयार होत नाही, काहीच संपत नाही, आणि म्हणून ते काम आहे असं कुणाला वाटतही नाही.

तुम्ही स्वतः चहा करता तेव्हा नातीला शेजारी घ्या. आलं किती ठेचायचं, उतू जायच्या आधी आच कधी कमी करायची, हे तिला तुमच्याकडून कळू दे. मग मालिकेतला ट्रे तिला रिकामा दिसेल. भुवई चढवण्याचा खेळ चार दिवसांत जुना होईल, त्याची चिंता करू नका.

मी पिंपरी-चिंचवडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बायको नर्स आहे. तिची नाइट असली की मुलीची वेणी, डबा, स्वयंपाक माझ्याकडे. मालिकेत मात्र पुरुष एकतर बाहेर भानगड करणारा, नाहीतर आईच्या पदराआड लपणारा, नाहीतर अगदीच साधाभोळा. आमच्यासारखे का दिसत नाहीत? – एक वाचक

दादा, तुमच्या पत्रातली मुलीची वेणी मला फार आवडली. तिपेडी घालता की दोन वेण्या, तेही कळवा.

तुम्ही तिन्ही साचे बरोबर ओळखलेत. बाहेर भानगड करणारा म्हणजे ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधला गुरुनाथ, ‘आई कुठे काय करते’मधला अनिरुद्ध. साधाभोळा म्हणजे ‘तुझ्यात जीव रंगला’मधला राणादा : कुस्ती खेळणारा, शेतात राबणारा आणि मास्तरीणबाईंसमोर शब्द न फुटणारा. पदराआडचा तर तुम्हाला माहीतच आहे. २०१९ मध्ये ‘अग्गंबाई सासूबाई’ आली आणि आसावरीच्या मुलाचं लाडाचं नाव, बबड्या, मराठीत सामान्यनाम होऊन बसलं. अजूनही एखाद्या घरात आयतोबा मुलाला ‘बबड्या’च म्हणतात. प्रेक्षकांनी त्याला इतकं पटकन ओळखलं याचा अर्थ तो घरोघरी होता. आणि तरी त्या काळात माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी म्हणायच्या, ‘चूक आसावरीचीच, तिनेच लाडावून ठेवलाय.’ त्याच मालिकेत तिच्याशी लग्न करणारा अभिजित राजे शेफ होता. स्वयंपाक करणारा पुरुष हिरो म्हणून चालला, पण तो व्यवसायाने शेफ होता. तुम्ही करता तो स्वयंपाक वेगळा आहे. सकाळी सहाला पोरीचा डबा भरणारा बाप मी क्वचितच पाहिलाय पडद्यावर.

एकदा मी तो लिहून पाहिला. जेवणं झाल्यावर नायक स्वतःचं ताट उचलतो, सिंकमध्ये विसळतो आणि विसळता विसळता आईशी बोलतो, एवढंच. सीन वाचून वाहिनीकडून फोन आला, की ताट उचलणं काढा. मला वाटलं, हिरो लहान दिसेल असं म्हणतील. तसं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की त्याने ताट उचललं तर बसून राहिलेली आई वाईट दिसेल, आणि आईला वाईट दाखवायला अजून तीन महिने आहेत. मी पुष्कळ बोलले. शेवटी ताट टेबलावरच राहिलं आणि कुठल्याशा पुढच्या शॉटमध्ये ते आपोआप नाहीसं झालं.

यामागे पुरुषांबद्दल कुणाच्या मनात अढी नसते. सगळं गणित नायिकेच्या सोसण्यावर बांधलेलं असतं. ती किती सोसते यावर तिचं मोठेपण, म्हणून तिला सोसायला लावणारं कुणीतरी हवं, आणि तिला वाचवायला वेळेवर न येणारं कुणीतरी हवं. नवरा समजूतदार असता तर गोष्ट पहिल्याच आठवड्यात मिटली असती. म्हणून त्याला कमी अक्कल द्यायची, नाहीतर परगावी पाठवायचं. बायकांवर अन्याय करणारी ही रचना पुरुषांनाही अर्धं करून ठेवते, हे मला फार उशिरा समजलं. बाप म्हणून माणूस काय करतो, आजारी बायकोच्या उशाशी बसून काय करतो, नोकरी गेल्यावर कसा वावरतो, हे लिहायला मला जवळपास कधीच मिळालं नाही.

आणि कॅमेऱ्याच्या मागे काय असतं, ते सांगते. ऐंशी माणसांचा चहा करणारे स्पॉटदादा पुरुष. कोण बिनसाखरेचा घेतं हे त्यांना पाठ. साड्या इस्त्री करणारे ड्रेसदादा पुरुष. आमच्याकडे एक होते, रत्नागिरीकडचे. पैठणीच्या निऱ्या ते अशा जुळवून पिना लावून ठेवायचे, की अभिनेत्री दोन मिनिटांत तयार व्हायची. पदराचा मोर नेमका खांद्याच्या खाली यावा म्हणून बोटांनी मापून घ्यायचे. ब्लाउजचा हुक निघाला तर शॉट थांबवून तिथल्या तिथे टाका घालायचे. एकालाही त्या कामाची लाज वाटताना मी पाहिली नाही. उलट दुसऱ्या कुणी निऱ्यांना हात लावलेला त्यांना खपायचा नाही. घरकाम म्हणतात ते सगळं काम त्या सेटवर पुरुष करत होते, मान ताठ ठेवून आणि रोजंदारी घेऊन. दहा फुटांवर, दिव्यांच्या उजेडात, नायक पाण्याचा पेला मागायचा आणि सून धावत जायची. मी दोन्हींच्या मधे बसून लिहीत होते.

बायका झोपतानाही दागिने, भरजरी साडी का घालतात? – एक विद्यार्थिनी, सांगली

दोन कारणं. रोजचा भाग रोज हातावेगळा व्हायचा, तर एका दिवसात सकाळचा, रात्रीचा, मागचा, पुढचा असे सीन उलटसुलट क्रमाने काढावे लागतात. साडी, दागिने, केस बदलायला बाईला लागणारा वेळ परवडत नाही. दुसरं, चौकट भरलेली दिसली पाहिजे असा वाहिनीचा आग्रह असतो, आणि ती भरायची जबाबदारी बाईच्या अंगावर. पुरुषाचा एकच कुर्ता तीन सीनना चालतो. म्हणूनच मेकअपच्या खुर्चीत अभिनेत्री अभिनेत्यांच्या तास-दीड तास आधी येऊन बसलेल्या असतात. मानेवर वजनदार हारांचे वळ उठलेली मुलगी मी पाहिली आहे. ती तेव्हा झोपेचा सीन देत होती.

पूर्वीचं दूरदर्शन आजच्यापेक्षा बरं नव्हतं का? रजनी, उडान आठवतात. मग असं काय बिघडलं? – एक निवृत्त बँक कर्मचारी, मडगाव

माझं लहानपण मिरजेचं. आई स्टाफ नर्स होती. रविवारी सकाळी तिची ड्यूटी नसली की आम्ही शेजारच्यांकडे ‘रजनी’ बघायला जायचो. १९८५ ची गोष्ट. प्रिया तेंडुलकर गॅसच्या एजन्सीत जाऊन जाब विचारायच्या आणि आई मांडीवर थाप मारायची. टॅक्सीवाल्यांवरच्या भागानंतर टॅक्सीचालक निषेध करायला रस्त्यावर आले होते. एका गृहिणीच्या पात्राची इतकी दखल घेतली गेली! ‘उडान’ १९८९ ची. कविता चौधरींनी ती स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि पोलीस अधिकारी होणाऱ्या कल्याणी सिंगची भूमिकाही केली. डोळ्यांसमोर होती त्यांची बहीण, कांचन चौधरी भट्टाचार्य, ज्या पुढे २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. देशात त्या पदावर पोहोचलेल्या पहिल्या महिला. कल्याणीला आपण शिकताना, चुकताना, प्रशिक्षण घेताना पाहिलं. तिचं काम हीच तिची गोष्ट होती. नंतर सह्याद्रीवरची ‘दामिनी’ पत्रकार होती. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झालं तेव्हा ‘आभाळमाया’मधली सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी कॉलेजात शिकवायची. नवऱ्याचं बाहेर प्रकरण होतं, तरी ती वर्गात उभी राहायची.

तर हो, काही बाबतींत बरं होतं. पण सगळंच सोन्याचं नव्हतं, आणि इथे मला ‘हमलोग’ची भागवंती आठवते. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेली ती मालिका मुद्दाम प्रबोधनासाठी आखली होती. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली. भागवंती ही सगळं मुकाट सोसणारी आई. असं जगू नका, हे प्रेक्षकांना कळावं म्हणून ती तशी रचली होती. भाग संपल्यावर अशोककुमार येऊन समजावूनही सांगायचे. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं, तेव्हा कितीतरी जणांना, आणि जणींना, भागवंतीच आदर्श वाटत होती. हे वाचल्यापासून मी एक धडा धरून ठेवलाय. लेखकाने बाईच्या सोसण्यावर टीका करायची ठरवलं तरी, कॅमेरा जर तिच्या डोळ्यांतल्या पाण्यावर रेंगाळला, पार्श्वसंगीत हळवं झालं, तर प्रेक्षक सोसण्यालाच नमस्कार करतो.

मग बदललं काय? खासगी वाहिन्या आल्या आणि आठवड्याची मालिका रोजची झाली. ३ जुलै २००० ला ‘क्यूंकी सास भी कभी बहू थी’ सुरू झाली, पाठोपाठ मराठीतही मोठी घरं, मोठे जिने आणि मोठी कुटुंबं आली. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर भाग. रोजचा भाग म्हटलं की बाहेरचं चित्रीकरण महाग पडतं. कॉलेज, पोलीस ठाणं, बँक, एसटी स्टँड, सगळं कमी होत गेलं आणि दिवाणखाना उरला. दिवाणखान्यात काम नसतं, नाती असतात. काम गेलं की माणसाकडे एकमेकांचं वाईट चिंतण्याखेरीज करायला उरतं काय? ‘बायकाच बायकांच्या शत्रू’ असं जे मालिका बघून म्हणतात, त्यांना मला सांगावंसं वाटतं, की त्या बायकांना आम्ही दारं बंद करून आत कोंडलं होतं.

‘काम दाखवलं तर लोक बघत नाहीत’ हे मी बैठकांमध्ये शंभरदा ऐकलं. २०१२ मध्ये ‘उंच माझा झोका’ लोकांनी जीव लावून बघितली. त्यात नवरा बायकोला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवतो. रमाबाई आणि न्यायमूर्ती रानडे. घरातल्या बायका रागावतात, ती चोरून गिरवते, आणि आपण श्वास रोखून एका अक्षराची वाट बघतो. धमकी नाही, विषाचा पेला नाही, तरी हुक आहे. मात्र २०२० मध्ये ‘सावित्रीजोती’ आली आणि वर्षभरात आटोपली, याचं दुःख मला अजून आहे. मुलींच्या शाळेची गोष्ट आपल्याच राज्यात तग धरू शकली नाही. दोष एकट्या वाहिनीचा म्हणता येणार नाही, आपल्या घरातला रिमोटही त्यात होता.

‘होम मिनिस्टर’बद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी नापसंती लिहिलीत. तिथे माझं मत वेगळं आहे. नाव बाईला घरापुरतं मंत्रिपद देतं, हे कबूल. पण २००४ पासून आदेश बांदेकर भावोजी होऊन चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत जायचे आणि तिथल्या वहिनीला विचारायचे, की तुम्ही काय करता. तेव्हा शिवणकाम, पोळी-भाजीचे डबे, आजारी सासऱ्यांची सेवा, सुटलेलं शिक्षण, हे सगळं खऱ्या बाईच्या तोंडून टीव्हीवर आलं. माझ्या लिहिलेल्या मालिकांमध्ये ते आलं नाही.

मी सावळी आहे, नाट्यशास्त्र शिकते. ऑडिशनला गेले की ‘गावातली मैत्रीण’ किंवा ‘मोलकरीण’ यासाठीच विचारतात. प्रयत्न सोडून देऊ का? – लातूर

नको गं. पण मी तुला खोटी आशाही देणार नाही.

एका वाहिनीच्या ऑडिशनला मी एकदा संवाद वाचून दाखवायला बसले होते. एका मुलीने इतकं सुंदर काम केलं, की दिवे लावणारी मुलंही थांबली. ती गेल्यावर तिथल्या जबाबदार माणसाने कागदावर लिहिलं, ‘डस्की. नायिकेची बहीण?’ मी भांडले नाही. नोकरी नवी होती. आज ती चूक माझीच वाटते, आणि तुझं पत्र छापतेय त्यामागे तेही एक कारण आहे.

सावळ्या रंगाचा प्रश्न मांडणारी ‘रंग माझा वेगळा’ २०१९ मध्ये आली आणि खूप गाजली. विषय प्रामाणिक होता. पण नायिकेला रोज मेकअपने सावळं केलं जायचं. म्हणजे सावळ्या मुलीची गोष्टसुद्धा सावळ्या मुलीच्या वाट्याला आली नाही. अभिनेत्रीने मेहनत घेतली, तिला मी काही बोलणार नाही. निवडणाऱ्यांनी मात्र लातूरपर्यंत नजर टाकायला हवी होती.

आणि तरी आठवण ठेव : २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्यानंतरच्या सुरुवातीच्याच काळात मराठी बातम्या द्यायला एक सावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी बसायची. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, असं तेव्हाचे लोक सांगतात. स्मिता पाटील. लोक तिचा चेहरा बघायला बातम्या लावायचे. चित्र तेव्हा काळं-पांढरं होतं, पण पुढे रंगीत सिनेमातही तिने रंग लपवला नाही. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ला आपल्या नावातून ‘फेअर’ काढावं लागलं. नाव बदलायला पंचेचाळीस वर्षं लागली, पण बदललं.

आता कामाचं. ऑडिशनला पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहू नकोस. मोबाइलचा कॅमेरा पांढऱ्यावर उजेड मोजतो आणि तुझा चेहरा काळवंडतो. करडी किंवा मातकट भिंत शोध, खिडकीकडे तोंड कर, उजेड एका बाजूने येऊ दे. फाउंडेशन दोन शेड वरचं लावायला सांगतील, ठामपणे नाही म्हण आणि स्वतःचं घेऊन जा. मोलकरणीची भूमिका मिळाली तर कमीपणा मानू नकोस, पण ती कोणत्या गावची, किती घरी जाते, पैसे कुठे ठेवते, हे दिग्दर्शकाला विचार. विचारणाऱ्या नटीला संवाद वाढवून मिळतात. मी वाढवून दिले आहेत.

एखादा भाग किंवा जाहिरात बायकांचा अपमान करणारी वाटली तर तक्रार कुठे करायची? – एक वाचक, नाशिक

आधी वाहिनीकडे, लेखी. २०२१ च्या नियमांनुसार त्यांनी २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झालं नाही तर पुढे त्या वाहिनीच्या स्वनियमन संस्थेकडे. मनोरंजन वाहिन्यांसाठी २०११ पासून बीसीसीसी ही वाहिन्यांनीच नेमलेली तक्रार परिषद आहे. त्याच्याही वर केंद्र सरकारची समिती. जाहिरातीसाठी ‘आस्की’ आहे, ही जाहिरात क्षेत्राची स्वतःची नियमन संस्था. बाईला आणि पुरुषाला ठरावीक साच्यात बसवणाऱ्या जाहिरातींबद्दल तिने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात पुरुषांची टिंगल करणाऱ्या जाहिरातीही येतात. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ आणि नेमकं कोणतं दृश्य, एवढं लिहा. ‘संस्कृती बुडाली’ असं लिहिलेलं पत्र कुणी पुढे सरकवत नाही. आणि आवडलेल्या सीनबद्दलही चार ओळी पाठवत जा. ताटाचा सीन मी लिहिला तेव्हा अशी दहा पत्रं माझ्या हातात असती, तर वाहिनीला दाखवायला काहीतरी होतं.

मी तीन वर्षं आमच्या गावची सरपंच आहे. टीव्हीवरच्या गावात पाटील असतो, वाडा असतो, मिशा असतात. बाई राजकारणात आली की ती खलनायिका. आम्ही कुठे आहोत? – सोलापूर जिल्हा

ताई, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. त्याआधी, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीपासून, एक तृतीयांश होत्या. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ आपल्या गावागावांत बाई खुर्चीवर बसते आहे. टीव्हीवरच्या गावात ती बसली तर हातात किल्ल्यांचा जुडगा आणि नजरेत कट. राजकारण करणारी वहिनी मीही तशीच रंगवली. कारण सांगू? मला ग्रामपंचायतीत काय चालतं ते माहीतच नव्हतं. मी मुंबईत बसून गाव लिहीत होते.

तुम्ही पत्रात सहज लिहिलंत, की पहिल्या वर्षी नवऱ्याला सगळे ‘सरपंच’ म्हणायचे आणि तुम्हाला ‘वहिनी’. ग्रामसेवक फाइल त्यांच्यासमोर ठेवायचे आणि सहीपुरती तुमच्याकडे सरकवायचे. मग एका दिवशी तुम्ही म्हणालात, ‘वाचून सही करीन, उद्या या.’ रात्री दिव्याखाली पाणीयोजनेचं अंदाजपत्रक वाचत बसलात आणि पाइपच्या लांबीत फरक सापडला. तुमचे यजमान शेजारी बसून कॅल्क्युलेटरवर बेरीज करत होते.

हा सीन मला कुठल्याही कार्यशाळेत सुचला नसता. यात बाई आहे, पुरुष आहे, दोघांच्याही हातात काहीतरी आहे आणि कुणीच कुणाला धमकी देत नाही. पाइप किती फूट कमी भरला, एवढ्यावर मी प्रेक्षकाला जाहिरातीनंतर परत आणून दाखवीन.

मी पुन्हा लिहायचं म्हणते आहे, यावेळी तेरा भागांचं, वेबसाठी. परवानगी असेल तर तुमच्या गावाला येईन, नाव-गाव बदलून लिहीन. तोवर मला एवढं कळवा : त्या रात्री अंदाजपत्रक कुठे बसून वाचलंत, ओट्यावर की खाटेवर? फाइल कोणत्या रंगाची होती? दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक आले तेव्हा चहा कुणी केला? आणि त्यानंतरच्या ग्रामसभेत तुम्ही बोलायला उठलात, तेव्हा माइक तुमच्या हातात कुणी दिला, की तुम्ही स्वतःच घेतलात?